गाठीला लोखंड

द्वारकाच्या तोंडातली गाठ पहिल्यांदा दिसली ती तिच्या सासूला, आणि तीही द्वारका खळखळून हसली म्हणून. वरकुट्याच्या त्या घरात सून सासूसमोर दात दाखवून हसत नसे. पण त्या दिवशी शेळीनं नणंदेचा, म्हणजे गोजरबाईचा पदर चघळत चघळत पार खांद्यापर्यंत आणला, तरी गोजरबाईला पत्ता नव्हता. द्वारकाला राहवलं नाही. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधे, हिरडीवर, डाळिंबाच्या दाण्याएवढं लालभडक काहीतरी चमकलं. प्रयागबाईनं ते बघितलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"त्ये काय हाय तोंडात?"

"कुटं काय, आत्याबाई?"

"आ कर."

द्वारकानं आ केला. तिला तेव्हा पाचवा महिना चालला होता. दुखत नाही, भाकरीचा कडक पापुद्रा लागला की रक्त येतं तेवढंच, असं ती आपली सांगत होती. प्रयागबाई ऐकत नव्हती. ती नुसती बघत होती, आणि तिचा चेहरा उतरत उतरत राखेसारखा झाला.

दुसरं एखादं घर असतं तर चार बायांनी मीठ-हळद लावायला सांगितलं असतं आणि विषय मिटला असता. पण या घरात तोंडातली गाठ म्हटलं की माणसं गप्प व्हायची. प्रयागबाईचा नवरा आबासाहेब त्यातच गेला होता. गडी उसाच्या मळ्यात दिवसभर खपायचा आणि गालात तंबाखूची गोळी धरायचा. तिथंच गाठ आली. लांबच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ती कापली. जबड्याला पट्टी बांधून तो घरी आला आणि सुगीच्या आधीच संपला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला प्रयागबाई सांगायची, "लोखंड लागलं आन् गाठ पसरली. न्हाय लावलं आसतं तर आज मळ्यात हिंडत आसते."

ज्या बाईचा नवरा गेलाय तिचं बोलणं खोडायला कोण जाणार? कुणी खोडलं नाही, आणि न खोडलेलं बोलणं हळूहळू गावाचा कायदा झालं. वरकुट्यात कुणाला मानेवर साधं आवाळू आलं तरी माणसं म्हणू लागली, लोखंड लावू नगंस बाबा, आबासाहेबाचं बघितलं न्हाय का. मला विचाराल तर भीतीचं असंच असतं. तिला एकटीला करमत नाही, ती गाव गोळा करते.

सातवा लागला तशी द्वारका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, बारामतीजवळच्या कन्हेरीला निघाली. बैलगाडी जुंपलेली, नवरा मोहनराव बैलांच्या कासऱ्याशी उगाच खेळत उभा. प्रयागबाईनं सुनेची ओटी भरायला आणि कपाळाला कुंकू लावायला दुसऱ्या बाईला सांगितलं, आणि मग सगळ्यांच्या देखत बोलली.

"द्वारके, त्या गाठीला लोखंड लावायचं न्हाय. डाक्तर म्हनू दे, तुजा बाप म्हनू दे. लावलंस तर तितंच ऱ्हा. लेकरू आमी घिऊन येऊ, लेकरू आमचं हाय. पर तुला आनायची न्हाय. ह्या घरातनं आनिक एक मढं काढायची ताकद न्हाय माज्यात."

ऐकायला हे कडू आहे. पण बोलताना तिची हनुवटी थरथरत होती, हे द्वारकानं बघितलं, म्हणून तिला राग आला नाही. भीती मात्र वाटली. तिनं मोहनरावकडं बघितलं. त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली.

कन्हेरीत द्वारकाच्या बापाचा, दत्तोबाचा कालव्याच्या पाण्यावर वांग्या-कांद्याचा मळा होता. आई धोंडाबाई लेकीला बघून हरखली आणि लेकीनं पदर बाजूला करून तोंड दाखवल्यावर मटकन खाली बसली. डाळिंबाचा दाणा आता गावरान बोराएवढा झाला होता. दोन दातांच्या मधून तो खाली लोंबत होता, आणि ओठ मिटले तरी ओठाला फुगवटा दिसायचा. सकाळी उशीवर रक्ताचे डाग असायचे. द्वारका तोंडावर पदर धरूनच बोलायची, भाकरी दुधात भिजवून गिळायची.

"बारामतीला दाताचं डाक्तर हायती. दावून तर यिऊ," दत्तोबा म्हणाला. "दावायला काय लोखंड लागतंय?"

डॉक्टर खासनीस मुंबईला शिकून आलेले. बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. माणूस तापट, पण हात हलका. त्यांनी द्वारकाला खुर्चीत बसवलं, आरशाचा छोटा चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ बघितलं. मग धोंडाबाईला जवळ बोलावून समजावून सांगितलं. पोटुशीपणात बाईच्या हिरड्या नाजूक होतात, चटकन सुजतात. त्यात हिच्या दातांच्या मुळाशी किटण साठलंय, ते हिरडीला सारखं टोचतंय, आणि तिथं हा मांसाचा कोंब फुटलाय.

"हा वाईट रोग नाही. बाळंत झाल्यावर बहुतेक आपोआप आटतो. राहिला तर तेव्हा काढू. आता कापला तर रक्त फार जाईल, आणि पोट रिकामं होईपर्यंत पुन्हा उगवायचाही. आत्ता फक्त किटण खरवडून काढतो, म्हणजे टोचणं थांबेल."

असं म्हणून त्यांनी ट्रेमधलं आकड्यासारखं बारीक हत्यार उचललं. द्वारकानं ओठ घट्ट मिटले.

"गाठीला नाही, दाताला लावतोय."

द्वारकानं मान हलवली. ओठ मिटूनच तिनं आईकडं बघितलं, आणि धोंडाबाई बोलली, "डाक्तरसायेब, लोखंड लावायचं न्हाय. तिच्या सासूनं घातलीया आन. लावलं तर पोरीला नांदवायची न्हाईत, आन् लेकरू घिऊन जात्याली."

डॉक्टर चिडले. "हे कुठलं शास्त्र?" म्हणाले. पण मिटलेल्या तोंडापुढं कुणाची डॉक्टरकी चालते? शेवटी त्यांनी हत्यार ठेवलं, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा सांगितल्या, दात बोटानं कसे चोळायचे ते दाखवलं आणि दर बाजाराला दाखवून जा म्हणून बजावलं. गंमत बघा, शिकलेला डॉक्टर आणि अडाणी सासू, दोघंही म्हणत होते की कापायचं नाही. दोघांचं तोंड मात्र दोन दिशांना होतं, आणि पोर बिचारी मधे.

किटण तसंच राहिलं. ते टोचत राहिलं आणि कोंब वाढत राहिला.

आता धोंडाबाईचं डोकं चालू लागलं. बाळंतपण आणि हिरडी यांचा काय संबंध, हे तिला काही केल्या पटेना. पोट कुठं, दात कुठं! आपोआप आटणार म्हणजे डॉक्टरनं कटकट टाळलीय, असं तिनं ठरवून टाकलं. गाठ राहिली आणि सासूनं ती बघून नाक मुरडलं तर? आणि कापली तर मग संपलंच. गाठ जायला पाहिजे, आणि लोखंड लागायला नको. अशा वेळी आपल्याकडं बायांना एकच गोष्ट आठवते. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात. रोज थोडा थोडा आवळायचा, चामखिळीचं रक्त तुटतं, ती वाळते आणि एक दिवस गळून पडते. धोंडाबाईनं स्वतःच्या मानेवरची अशीच घालवली होती.

"केस म्हंजी काय लोखंड न्हवं," ती लेकीला म्हणाली. "देवासमोर सांगाय बी लाज न्हाय."

द्वारकानं विचार केला. खरं तर विचार करायला जागाच कुठं होती? पोटात लेकरू लाथा मारत होतं. रोज सकाळी ती हात पोटावर ठेवून पडून राहायची, आणि हे आपल्याजवळ राहणार की नाही, एवढाच एक विचार तिच्या मनात फिरायचा. ती म्हणाली, "बांद."

बारामतीच्या टांग्याच्या घोड्याचा केस आणला, धुतला, आणि धोंडाबाईनं परसात उजेडाला लेकीचं डोकं मांडीवर घेऊन गाठीच्या मुळाशी फास घातला. गाठ काळी-निळी झाली. दोघींना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी आणखी आवळला, तिसऱ्या दिवशी आणखी. पण चामखीळ कोरडी असते. हा कोंब रक्ताचाच होता. चौथ्या सकाळी द्वारका पाण्याची कळशी उचलायला वाकली, आणि केस सुरीसारखा अर्ध्या गाठीत उतरला.

रक्त ओठांवरून हनुवटीवर, हनुवटीवरून चोळीवर आलं. धोंडाबाईनं हळद दाबली, तुरटी दाबली, स्वतःचा पदर कोंबला. थांबेना. द्वारका निम्मं गिळत होती आणि गिळलेलं ओकत होती. दत्तोबानं कांद्याच्या गोण्या गाडीतून खाली फेकल्या, कडबा पसरला, पोरीला घातलं आणि बैल पळवले. बारामतीच्या वेशीपर्यंत धोंडाबाई एकच वाक्य म्हणत होती, "केस तर बांदला, लोखंड कुटं लावलं." कुणाला सांगत होती देव जाणे.

खासनीस डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं आणि त्यांच्या कपाळाची शीर फुगली.

"हा केस कुणी बांधला?"

 धोंडाबाईचे हात बघून त्यांना कळलं. कापसाची जाड गादी करून त्यांनी जखमेवर बोटानं दाबली आणि दत्तोबाकडं वळले.

"अर्धी तुटलीय. आता ती मुळापासून काढल्याशिवाय रक्त बंद होणार नाही. आठवा महिना आहे. असंच रक्त जात राहिलं तर आई आणि मूल, दोघांचं कठीण आहे. काढू का?"

दत्तोबानं डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"सायेब, पोर दिली त्येंना. आता तिच्या अंगाला लोखंड लावायचा हुकूम माजा न्हाय. मानूस धाडतो वरकुट्याला यष्टीनं. जावई आलं म्हंजी..."

"केव्हा येतील?"

"सांजच्या गाडीनं मानूस पोचंल. उद्या दुपारपातुर येत्याली."

"उद्या दुपारी इथं कुणाला विचारणार तुम्ही?"

दत्तोबाला वाईट माणूस म्हणू नका. लेक दिली की तिच्यावरचा हक्क दिला, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं, आणि त्यानं ते कधी तपासून बघितलं नव्हतं. तो पागोट्याच्या घड्या उलगडत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तरीही तोंडातून 'काढा' हा शब्द निघत नव्हता. धोंडाबाई भिंतीला टेकून उभी होती. केस तिनंच बांधला होता, आता बोलायला तिला तोंडच उरलं नव्हतं.

द्वारकानं डॉक्टरांचा हात बाजूला केला. पात्रात थुंकली. एक हात पोटावरच होता. तिच्या डोक्यात त्या क्षणी सगळं लख्ख होतं. मेले तर लेकरू माझ्याबरोबर जाईल. जगले तर सासरचे लेकरू माझ्याकडून नेतील. पण नेलेलं लेकरू कुठंतरी असेल तर खरं. आणि मी जिवंत असले तर भांडेन तरी.

"तात्या," ती बापाला म्हणाली, "तोंड माजं हाय."

मग डॉक्टरांना म्हणाली, "लावा लोखंड."

डॉक्टरांनी तिला खुर्चीत डाव्या कुशीला जरा कलती बसवलं, पोटाचा भार पडू नये म्हणून. हिरडीत सुई टोचली. ओठ, नाक, अर्धा गाल बधिर झाला. धोंडाबाईला बाहेर जा म्हटलं, पण ती गेली नाही. लेकीचा पाय धरून खाली बसली. द्वारका छताच्या लाकडी तुळईकडं बघत राहिली. पातं तिला लागलं नाही, नुसतं काहीतरी ओढल्यासारखं वाटलं. मग पात्रात टप् असा आवाज झाला. एवढीशी ती गोष्ट, बोराएवढी. तिच्यापायी दोन गावं हलली होती. डॉक्टरांनी जखम दाबून धरली, रक्त ओसरल्यावर दातांच्या मुळांवरचं किटण खरवडून काढलं. त्याचा कर्रकर्र आवाज तिच्या कवटीत घुमला. शेवटी लवंगेच्या तेलाचा वास येणारा गुलाबी लगदा दातांभोवती थापला.

"झालं," ते म्हणाले. "हा तुकडा मी पुण्याला तपासायला पाठवतो. पण मला खात्री आहे, यात वाईट काही नाही."

दुसऱ्या दिवशी निरोप पोचून मोहनराव आला. दवाखान्याच्या जिन्यातून वर न येता त्यानं खालूनच दत्तोबाला विचारलं, "लावलं?" दत्तोबानं मान खाली घातली. मग तो वर आला. द्वारका बाकावर आडवी होती, ओठ सुजलेला. तो तिच्या पायाशी उभा राहिला.

"आई म्हनली व्हती," तो म्हणाला.

"तुमी काय म्हनता?"

 त्यानं आणलेली गुळाची ढेप तिच्या उशाशी ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. नवरा म्हणून तो काय होता हे मी सांगत बसत नाही. ढेप मात्र चांगली मोठी होती.

लगदा काढायच्या दिवशी डॉक्टरांनी आरसा दिला. गाठ नव्हती. हिरडी गुलाबी, पण एका दातावर जरा वर सरकलेली, त्यामुळं तो दात शेजारच्यापेक्षा लांब दिसत होता. डॉक्टर म्हणाले, बाजूची हिरडी सरकवून असा उघडा दात झाकतात असं आता वाचायला मिळतंय, पुढं बघू. पुण्याहूनही निरोप आला होता: साधी गाठ, काळजी नाही. द्वारकाला लांब दाताचं काही वाटलं नाही. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"डाक्तरसायेब, माजं मामंजी गेलं गाठीनं. तोंडातल्याच. लोखंड लागलं म्हनून पसरली, आसं आत्याबाई म्हनत्यात."

"गालात? तंबाखू खायचे?"

"व्हय."

"ती वेगळी गाठ. ती कापल्यानं पसरत नाही, उशिरा कापल्यानं हाताबाहेर जाते. दाण्याएवढी असताना काढली असती तर कदाचित वाचलेही असते." डॉक्टर हात धुता धुता बोलत होते. बोलून झाल्यावर त्यांनी टॉवेल घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

द्वारका बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट, डोकंभर जावळ. वरकुट्याला निरोप धाडला. पाचवी झाली, कुणी आलं नाही. बाराव्याला पाळणा बांधला, हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या, आळीतल्या बाया जमल्या. पण बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. गोजरबाई आली नव्हती. बाया दुपारभर वाट बघून, घुगऱ्या ओच्यात घेऊन गेल्या. पोरीला नाव नाही. धोंडाबाई तिला नुसतं 'बाय' म्हणायची. द्वारका तेही म्हणायची नाही. जिला उद्या कुणी उचलून नेणार तिला हाक कशाला लावायची, असं तिला वाटायचं, आणि असं वाटल्याबद्दल ती स्वतःलाच बोल लावायची. अंगणात पावलं वाजली की ती लेकराला छातीशी घट्ट धरायची.

सव्वा महिना उलटला आणि एका दुपारी खरंच पावलं वाजली. घरचे मळ्यात होते. दारात प्रयागबाई उभी होती, एकटी, धुळीनं भरलेली.

द्वारकानं उठून पाणी दिलं. प्रयागबाईनं तांब्या घेतला नाही. लेकराकडंही तिनं बघितलं नाही.

"आ कर," ती म्हणाली.

द्वारकानं आ केला. सासूनं तिला हाताला धरून दारातल्या उन्हात आणलं, हनुवटी वर केली, बोट घालून हिरडी चाचपली. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. टाळू बघितला, गाल आतून बघितले, जिभेखाली बघितलं. कुठं काही नव्हतं.

"रगत?"

"न्हाय येत."

"दुकतं?"

"न्हाय, आत्याबाई."

"भाकरी खातीस?"

"खाती."

प्रयागबाई उंबऱ्यावर बसली. बराच वेळ ती आपल्या बोटाकडं बघत होती. मग बोलू लागली, आणि द्वारकाशी नव्हे, समोरच्या अंगणाशी बोलल्यासारखी बोलली.

"त्येंची बी पयल्यांदा लहानच व्हती. जुंदळ्याच्या दान्याएवढी. इंदापूरला एक डाक्तर व्हता, त्यो म्हनला, आताच काडू, येळ लागायचा न्हाय. ह्ये तयार व्हते. म्याच न्हाय म्हनलं. म्या पाय धरलं त्येंचं. अंगारा लावला, पाला लावला, देव केलं. वरीस गेलं. मंग जीभ हालंना, तवा न्हेलं. तवा कापलं." तिनं ते बोट पदराला पुसलं. "म्या गावाला सांगत आले, लोखंडानं मारलं. सांगून सांगून मला बी तसंच वाटाय लागलं. तुला लावलं म्हनून कळलं, तवा म्या मनाशी म्हनलं, आता बगा, ही बी जायाची. रोज वाट बगितली निरोपाची. तू जावंस आसं न्हवतं गं माज्या मनात, देवाशपत न्हवतं. पर तू गेली आसतीस तर म्या खोटी पडले नसते."

द्वारका तिच्याजवळ बसली. तिला या बाईचा राग यायला हवा होता, निदान आता तरी. आला नाही. समोर बसलेली बाई एकदम म्हातारी झाली होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मामंजींची गाठ येगळी व्हती. म्या डाक्तरला इच्यारलं. त्ये म्हनले, तसली गाठ पयल्या दिशी कापली तरी मानूस ऱ्हात न्हाय. तुमी काय बी केलं आसतं तरी..."

"आसं म्हनला डाक्तर?"

"व्हय."

प्रयागबाईनं पहिल्यांदा वळून तिच्या डोळ्यांत बघितलं. मग आत पाळण्याकडं बोट केलं.

"लेकीच्या डोक्यावर हात ठिवून सांग."

आपल्याकडं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. चोरसुद्धा बोलत नाही. द्वारका उठली. पाळण्यापर्यंतची ती चार पावलं तिला जड गेली. पोर झोपली होती, मुठी मिटून. द्वारकानं मागं वळून बघितलं. सासू उंबऱ्यावरून उठून तिच्या मागोमाग आली होती आणि तिचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. खरं सांगितलं तर ही बाई आजपासून रोज मरेल. द्वारकानं डोळे मिटले आणि हात पुढं केला.

तिचा हात जावळाला लागायच्या आत प्रयागबाईनं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, जोरात.

"नगं," ती म्हणाली. "लेकराच्या डोक्यावर नगं."

ती मनगट सोडेना.  पोर झोपेत चुळबुळली. प्रयागबाईच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिच्याकडं हात मोकळा नव्हता.

"तुजं आवर," ती शेवटी म्हणाली. "गाडी चुकंल."